घरातली गाणी घरात टिकतात कशी? स्कॉटलंडच्या गॅलिक कुटुंबांबद्दल थोडं

क्लाइडकाठची (धागाकर्ती)

ग्लासगोला आल्यापासून गॅलिक गाण्यांच्या नादी लागले आहे. भाषा जेमतेम कळते. आधी शब्द पाठ करायचे, मग कुणाला तरी अर्थ विचारायचा, असं चालू असतं. पण इतकं ऐकून झाल्यावर एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. जी गाणी कधी कागदावर नव्हती, ती तीनचारशे वर्षं एखाद्या घरात टिकली ती कशाच्या जोरावर? आणि आता तुटतायत ती कुठे?

थोडी पार्श्वभूमी देते. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे ७० हजारांच्या आसपास निघाले. २०११ मध्ये ते ५८ हजारांच्याही आत होते. पेपरांनी 'वाढ' म्हणून बातम्या दिल्या. पण पश्चिमेच्या बेटांवर, जिथे ही अंगणातली आणि मच्छीमारांची भाषा, तिथे बोलणाऱ्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ वर आलं. शहरात वर्गात बसून शिकणारे वाढले, घरात बोलणारे घटले. आता २०२५ च्या कायद्याने गॅलिकला अधिकृत दर्जाही मिळालाय, पण कायदा काही रात्री पोराला झोपवताना गाणं म्हणत नाही.

माझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे ग्रीपचे कॅम्बेल. स्काय बेटाच्या वायव्य टोकाकडे, डनव्हेगनच्या बाजूला ग्रीप ही चिमुकली वस्ती आहे. केना कॅम्बेल तिथल्या. भावंडं सगळी गाणारी, आधीची पिढी गाणारी, आणि पुढे केनाबाईंच्या मुली मेरी अ‍ॅन आणि विल्मा केनेडी याही गायिका. केनाबाईंनी ग्लासगोच्या संगीत अकादमीत गॅलिक गाणं शिकवलं. २०१३ मध्ये या कुटुंबाच्या गाण्यांवर 'फॉन' नावाचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात गाण्यांइतकीच जागा माणसांना आणि गावाला दिली आहे. हे गाणं कुणाकडून आलं, ती व्यक्ती कुठल्या घरातली, कोणत्या प्रसंगी म्हणायची, हे सगळं.

या घराची खासियत 'पुर्श्त-अ-बेल'. वाद्य नसताना तोंडाने नाचाची धून म्हणायची. शब्द असतात पण बरेचदा निरर्थक, ठेका पक्का. त्याच्याच शेजारची पद्धत म्हणजे बॅगपाइपच्या रचना ठरावीक अक्षरांत म्हणणं. त्या भागात मॅक्रिमन या पाइपवादकांच्या घराण्याचं नाव अजूनही आदराने घेतात, त्यामुळे पाइपची धून आणि गळ्याचं गाणं यांच्यात तिकडे फारशी भिंत नाही.

तुम्हा लोकांची मतं ऐकायला आवडतील. विशेषतः ज्यांच्या घरात अशी गाणी होती किंवा आहेत त्यांची.

---

खट्याळकाका

गॅलिक गाण्यांबद्दल मला एकच गोष्ट माहीत आहे. बायका लोकर मुतात भिजवून बडवायच्या आणि गायच्या. खरं का हो हे?

---

क्लाइडकाठची

@खट्याळकाका, अगदी खरं! तुम्ही नेमकं मर्मावर बोट ठेवलंत.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड सैल असतं. ते घट्ट आणि ऊबदार व्हावं म्हणून साठवलेल्या, शिळ्या लघवीत भिजवायचं. त्यात अमोनिया तयार झालेला असतो, त्याने तेलकटपणा जातो आणि रंग पक्का बसतो. मग लांब फळीभोवती आठदहा बायका बसायच्या आणि ते ओलं कापड आपटत, दाबत शेजारणीकडे सरकवायच्या. दिशा कायम सूर्याच्या फेऱ्याची. एकजण ओळ म्हणणार, बाकीच्या ध्रुपद उचलणार. ध्रुपदात बहुतेक 'हो रो, हा ओ हो' अशा जातीचे शब्द, अर्थ नाही, पण कुठल्या गाण्याचं कुठलं ते प्रत्येकीला ठाऊक. एकदा म्हटलेलं गाणं त्याच कापडावर पुन्हा म्हणायचं नाही असा संकेत होता. आता विचार करा, कापड तयार व्हायला गाणीच गाणी लागणार आणि एकही परत म्हणायचं नाही. बाईकडे साठा किती हवा!

पुरुषांना तिथे मज्जाव. त्यामुळे गाण्यांत जे येतं ते ऐकण्यासारखं आहे. बुडालेला प्रियकर, फसवणारा प्रियकर, सवत, टोळ्यांची भांडणं, आणि मधूनच फळीभोवती बसलेल्या एखाद्या अविवाहित मुलीचं नाव कुणाशी तरी जोडून थट्टा. यातली कितीतरी गाणी सतराव्या शतकातली मानतात. रचणाऱ्या बायकांची नावं बहुतेक हरवली.

१९९२ मध्ये कॅपरकॅली या बँडने अशाच एका जुन्या गाण्याला कीबोर्ड आणि ड्रम लावले आणि ते ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या पहिल्या चाळीस गाण्यांच्या यादीत गेलं. गॅलिक गाणं तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ.

---

जातं_आणि_खुंटा

हे वाचताना हात थांबलेच नाहीत, सरळ लॉगिन केलं. आमच्याकडे मावळात जात्यावरच्या ओव्यांचं अगदी हेच आहे. पहाटेचा अंधार, बायकाच बायका, पुरुष झोपलेले, आणि त्या आडोशाने जे बोलता येत नाही ते सगळं ओवीत. माहेर, सासू, भाऊ, लेक. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून ज्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'परी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यात बाई, तिचं गाव, तिची गोष्ट, सगळं ओवीसोबत दिलंय.

पण पिठाची गिरणी आली आणि जातं माळ्यावर गेलं. ओव्या म्हणणाऱ्या बाया होत्या, पण म्हणायची वेळच उरली नाही. माझी आई कॅमेऱ्यासमोर बसून म्हणते तेव्हा तिला दोनचार आठवतात. हातात खुंटा दिला की थांबत नाही. तुमच्याकडे ती फळी गेल्यावर काय झालं?

---

क्लाइडकाठची

@जातं_आणि_खुंटा ताई, फळी गेली तशी बरीच गाणीही गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताने कापड घट्ट करायची गरज संपली, हॅरिस ट्वीड या बेटांवरच्या लोकरी कापडाचं ते काम गिरण्यांत गेलं. संध्याकाळी शेजारीपाजारी ज्या घरात जमायचे, गोष्टी-गाणी व्हायची, ती 'केली'ची (अशा बैठकीला 'केली' म्हणतात) घरंही टीव्ही आल्यावर ओसरली. शाळेने तर आधीच काम केलं होतं. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गॅलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता आणि पुढच्या काही पिढ्या शाळेत गॅलिक बोललं म्हणून मार खात वाढल्या. त्यातल्या अनेकांनी आईबाप झाल्यावर मुलांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. त्यांना दोष कसा द्यायचा?

तरी काही घरांत साखळी तुटली नाही. व्हॅटरसे बेटावरच्या नॅन मॅकिनन यांचं उदाहरण मला फार भिडतं. त्यांची आई मिंगुले बेटावरची. १९१२ मध्ये शेवटची माणसं मिंगुले सोडून गेली, आज तिथे पक्ष्यांचीच वस्ती. पण त्या बेटाची गाणी आईने लेकीला दिली होती, आणि नॅनबाईंनी एडिंबरा विद्यापीठाच्या संग्राहकांना शेकडो गाणी आणि गोष्टी दिल्या. बेट रिकामं झालं, गाणी एका बाईच्या गळ्यातून वाचली.

---

बोरूबहाद्दर

क्षमस्व, पण मला यात जरा भावुकपणाचा वास येतो. नॅनबाईंच्या गळ्यातून वाचली की टेपरेकॉर्डरमधून? विद्यापीठाचे लोक गेले नसते तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. 'पिढ्यानपिढ्या' वगैरे ऐकायला छान, पण कुटुंब हे फार तकलादू भांडं आहे. एखाद्या पिढीत मुलगी बेसूर निघाली की संपलं. अर्काइव्ह करा, इंटरनेटवर टाका, ज्याला हवं तो शिकेल. रक्ताचा काय संबंध?

---

मंद्रसप्तक

मला तर हे आपल्या घराण्यांसारखंच वाटलं. बंदिश, तिची तालीम, 'ही आमच्याकडची' असा अभिमान.

---

क्लाइडकाठची

@मंद्रसप्तक, अभिमान आहे, पण तालीम नाही. इथे कुणी मुलाला समोर बसवून शिकवत नाही. बार्रा बेटावरच्या फ्लोरा मॅक्नील (१९२८–२०१५) यांनी गाणी घेतली ती आईकडून आणि मावशीकडून, घरकाम चाललेलं असताना. पुढे त्या नोकरीसाठी एडिंबराला गेल्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तिथे लोकगीतांचे संग्राहक हॅमिश हेंडरसन यांच्याशी ओळख झाली, १९५१ मध्ये अमेरिकन संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने त्यांना रेकॉर्ड केलं, त्याच वर्षी त्या एडिंबराच्या एका जाहीर 'केली'मध्ये गायल्या. शहरातल्या श्रोत्यांना त्या घरगुती गाण्यांत काय दम आहे ते तेव्हा कळलं. त्यांची मुलगी मॅगी मॅकिनिस आज गाते, क्लार्साख (तिकडची छोटी हार्प) वाजवते.

@बोरूबहाद्दर, टेपचं मोल कोण नाकारतंय! १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' सुरू झालं नसतं तर आज आपण बोलत बसलो नसतो. ते संग्रह, बीबीसीची जुनी रेकॉर्डिंगं आणि कॅना बेटावरचा कॅम्बेल दांपत्याचा (ग्रीपचे नव्हेत, वेगळे) संग्रह, यातलं बरंच आता 'तोबर अन दूअलखस' या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. पण 'ज्याला हवं तो शिकेल' इथे माझं अडतं. टेपवरून शिकणाऱ्याला एका दुपारी एका बाईने म्हटलेलं एक रूप मिळतं. तीच बाई हिवाळ्यात कडवी गाळायची, पाहुण्यांसमोर एखादं वाढवायची, नातवाला संथ म्हणायची. घरातलं मूल ही सगळी रूपं ऐकत मोठं होतं, म्हणून त्याला गाणं कुठे वाकवता येतं आणि कुठे नाही ते कळतं.

---

बोरूबहाद्दर

हा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरीही. टेप नसती तर रूप एकही नसतं.

---

हॅलिफॅक्सवारी

मी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात आहे, म्हणून थोडी भर. १७७३ मध्ये 'हेक्टर' जहाजातून हायलंडचे (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले) लोक इथे पिक्टूला उतरले, आणि पुढे जमिनींवरून हुसकावलेले हजारो लोक येत राहिले. केप ब्रेटन बेटावर अजून काही घरांत ती गॅलिक आहे. इथे ती कापड बडवायची फळी गेली नाही! कापड बडवायची गरज कधीच संपली, पण टेबल मांडून, हातात एक जुनं कापड घेऊन, लोक मुद्दाम बसतात आणि गातात. आणि इथे पुरुषही बसतात. स्कॉटलंडहून आलेल्या पाहुण्यांना याचं भारी आश्चर्य वाटतं.

इथल्या लॉक्लन मॅक्लेलन या गायकाच्या गाण्यांचं पुस्तक २००० मध्ये निघालं. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक गाण्यामागची गोष्ट सांगितल्याशिवाय गाणं पूर्ण होत नाही. कुणी रचलं, कुठल्या भांडणावरून, कोण बुडालं. नुसती चाल माहीत असलेल्याला इथले म्हातारे गाणं येतं असं मानतच नाहीत, असा माझा अनुभव.

---

नाकासमोर

धर्माचं काय? मी ऐकलंय की उत्तरेकडच्या लुइस बेटावर कडक प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) लोक गाणीबिणी पाप समजायचे.

---

क्लाइडकाठची

@नाकासमोर, चांगला प्रश्न, पण उत्तर सरळ नाही. दक्षिणेची बार्रा, साउथ युइस्ट, एरिस्के ही बेटं कॅथलिक राहिली आणि तिथे लौकिक गाण्यांना एकूण मोकळीक होती. संग्राहकांची गर्दीही तिकडेच. उत्तरेच्या बेटांवर कडक चर्चने गाण्यांवर, वाद्यांवर नाराजी दाखवली हे खरं. पण त्याच चर्चमध्ये स्तोत्रं गायची जी रीत आहे ती ऐकून अंगावर काटा येतो. पुढचा माणूस ओळ टाकतो आणि सगळी मंडळी ती उचलते, प्रत्येकजण आपापल्या हरकती घेत, कुणी पुढे कुणी मागे. वाद्य एकही नाही. समुद्राची लाट आत आल्यासारखं वाटतं.

आणि कडक घरांतही गाणी होतीच. रासे बेटावरचे मोठे कवी सॉर्ली मॅक्लेन (१९११–१९९६) अतिशय कर्मठ पंथात वाढले. पण त्यांची आजी आणि आत्या यांच्याकडे जुन्या गाण्यांचा खजिना होता. गंमत बघा, सॉर्लींना स्वतःला सुरात गाता येत नव्हतं. त्यांनी ती गाणी कवितेत जिरवली. त्यांचा भाऊ कॅलम पुढे संग्राहक झाला, बेटाबेटांवर जाऊन लोकांची गाणी-गोष्टी नोंदवत फिरला. तेव्हा @बोरूबहाद्दर, बेसूर मूल निघालं की संपलं असं काही नाही!

---

बोरूबहाद्दर

हा टोला आवडला. नोंद घेतली.

---

दुपारचा_चहा

एक व्यावहारिक शंका. मी अमेरिकेत, बे एरियात राहते. आमच्याकडे गौरीच्या गाण्यांची परंपरा होती, आजीचा आवाज फोनमध्ये भरून ठेवलाय. मुलीला ऐकवते, तिला आवडतं, पण ती स्वतः एक ओळ म्हणत नाही. तुमच्या गॅलिक मंडळींनी यावर काही उपाय काढलाय का?

---

क्लाइडकाठची

@दुपारचा_चहा, उपाय म्हणता येईल की नाही कोण जाणे, पण त्यांनी काय केलं ते सांगते.

१९८१ मध्ये बार्रावर स्थानिक लोकांनी 'फेश' भरवली. आपली पोरं गाणी-वाद्यं शिकत नाहीत, हे बघून सुट्टीत त्यांना एकत्र करून शिकवायचं. ते इतकं पसरलं की आज स्कॉटलंडभर अशा फेशी होतात. १९८५ पासून ग्लासगो आणि इनव्हर्नेसमध्ये गॅलिक माध्यमाचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं. त्याआधीपासून, १८९२ पासून, 'मॉड' नावाचा मोठा गॅलिक महोत्सव भरतो. मात्र मॉडबद्दल जुन्या गायकांच्या मनात अढी आहे. तिथे कागदावरच्या चाली, गायनवृंद, गुण देणारे परीक्षक. घरात वाकवून म्हटलेली जागा तिथे 'चूक' ठरू शकते. माझं स्वतःचं मत विचाराल तर मॉडने भाषेला मंच दिला, पण गाण्याला जरा इस्त्री केली.

इस्त्रीवरून आठवलं. १९०९ मध्ये मार्जरी केनेडी-फ्रेझर यांनी हेब्रिडीजच्या (म्हणजे याच पश्चिमेच्या बेटांच्या) गाण्यांचा पियानोसकट संग्रह छापला, तो मैफलींत खूप गाजला. अमेरिकेहून शिकायला आलेल्या मार्गारेट फे शॉ या मुलीने शाळेत त्यांचं गाणं ऐकलं आणि तिला वाटलं, याच्या मागे खरं काहीतरी वेगळं असणार. ती १९२९ मध्ये साउथ युइस्टला गेली आणि मॅक्रे बहिणींच्या घरी सहा वर्षं राहिली. त्या बहिणी शेतात राबायच्या, गाई बघायच्या, आणि ती त्यांच्यासोबत कामं करता करता गाणी उतरवून घ्यायची. त्यातून १९५५ चं पुस्तक झालं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. तिला गाणी मिळाली कारण ती त्या घरातल्या कामात होती. मुलगी रेकॉर्डिंग ऐकून गप्प बसत असेल तर तिला गाण्यासोबत हाताला काही द्या. गौरी मांडताना तुम्हीच म्हणा, चुकत माकत. तिने पूर्ण म्हणावं ही अपेक्षा सोडा, ध्रुपद उचललं तरी खूप. तिकडच्या मुलांची सुरुवात ध्रुपदापासूनच व्हायची.

---

जातं_आणि_खुंटा

+१. आणि अंगाईला विसरू नका. पोर मांडीवर असताना म्हटलेलं सगळ्यात शेवटी पुसतं.

---

क्लाइडकाठची

अंगाईचं अगदी खरं. १५७० मध्ये ग्रेगर मॅक्ग्रेगरचा शिरच्छेद झाला. त्याची बायको मॅरियन कॅम्बेल घराण्यातली, आणि मारणारेही कॅम्बेलच. तिच्या तोंडी असलेला विलाप बाळाला झोपवण्याच्या चालीत आहे, म्हणून तो अंगाई म्हणून साडेचारशे वर्षं म्हटला गेला. नवऱ्याच्या रक्ताचं गाणं, आणि त्यावर पिढ्यानपिढ्या पोरं झोपली.

---

मंद्रसप्तक

आधुनिक लोक काय करतात या गाण्यांचं? सगळं म्यूझियमच का?

---

क्लाइडकाठची

नाही हो. मार्गारेट बेनेट या लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि गायिका, मूळच्या स्कायच्या. त्यांची आई गाणारी. मुलगा मार्टिन बेनेट पाइप, फिडल शिकला आणि क्लबमधल्या बीट्सवर जुनी गाणी चढवू लागला. आईलेकाने २००२ मध्ये एक अल्बम केला, त्यात मार्टिनच्या खापरपणजोबांचा आवाज आहे, १९१० मध्ये मेणाच्या सिलिंडरवर भरलेला. पुढच्याच वर्षी त्याचा 'ग्रिट' आला. तोवर कॅन्सरने त्याला वाद्य वाजवणं अशक्य केलं होतं, म्हणून त्याने जुन्या गायकांची रेकॉर्डिंगंच कॉम्प्युटरवर गुंफली. २००५ मध्ये तो गेला, वय ३३.

@बोरूबहाद्दर, हे उदाहरण तुमच्याही बाजूचं आहे आणि माझ्याही. टेपशिवाय 'ग्रिट' झालं नसतं. पण त्या आवाजांत काय ऐकायचं हे त्याला लहानपणापासून घरात कळलेलं होतं.

---

बोरूबहाद्दर

मान्य. पण मग खरा प्रश्न उरतोच. २०२० मध्ये बेटांवरच्या भाषेचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात म्हटलं होतं की रोजच्या वापरातली गॅलिक दशकभरात संपू शकते. घरात भाषाच नसेल तर घरातलं गाणं म्हणजे काय? अर्थ न कळता म्हटलेले आवाज?

---

हॅलिफॅक्सवारी

केप ब्रेटनला हे होऊन गेलंय. आजोबांची गाणी पाठ, भाषा येत नाही, अशी माणसं इथे भेटतात. त्यातली काही मग तिशी-चाळिशीत वर्ग लावून भाषा शिकतात, कारण आपण काय म्हणतोय ते त्यांना समजून घ्यायचं असतं. म्हणजे गाणं आधी, भाषा नंतर. सगळे नाही शिकत. पण शिकतात त्यांना विचारलं तर बहुतेक गाण्याचंच कारण सांगतात.

---

क्लाइडकाठची

आमच्या इथल्या गानवर्गातही असे दोघेतिघे आहेत. @खट्याळकाका, तुम्ही पुढच्या जानेवारीत लेकीकडे येणार होतात ना? तेव्हा ग्लासगोत 'सेल्टिक कनेक्शन्स' महोत्सव चालू असतो. तिकिटं लवकर संपतात, तारखा ठरल्या की कळवा. कापड बडवायचा कार्यक्रम असेल तर तुम्हाला फळीवर बसवते. आता साबणाचं पाणी वापरतात, घाबरू नका.

---

खट्याळकाका

साबणाचं? मग काय मजा! तारखा कळवतो.